अण्णांनी चाखलेलं पाणी

अण्णा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आज तुमच्याशी भांडायचंच आहे. तुम्ही पाणाड्या. तळहातावर नारळ आडवा ठेवून रानातून चालायचात आणि नारळ उभा राहिला की टाच रोवून म्हणायचात, "हितं घ्या बोअर." झरीपासून ताडकळसपर्यंतची माणसं तुम्हाला न्यायला यायची. तुमच्या मागे चुन्याची पिशवी घेऊन मी असायची. खुणेचा चुना थोरल्या लेकीनं टाकायचा आणि नारळ धरायला शिकवलंत ते धाकट्या लेकाला! तो दहावीत दोनदा गटांगळ्या खाऊन घरी बसलेला, मी विज्ञानात कॉलेजात पहिली. मी नारळ मागितला तर म्हणालात, "बाईच्या हातात न्हाई उभा राहत." हातात देऊन तरी बघायचं होतंत. अजून जळते मी त्यावर.

घरामागची बोअर त्याच्याच नारळानं लागली. मशीन धडधडतंय, धुरळा उडतोय, मग चिखल, मग पाणी. तुम्ही पहिला तांब्या भरता, एक घोट तोंडात घोळवता आणि उरलेलं सगळं त्याच्या हाती देता. "लय गोड हाय. पोरानं अमृत काढलं." मी पांढऱ्या हातांनी उभी. त्या दिवसापासून घरानं आडाचं मचूळ पाणी सोडलं. लग्न होऊन परभणीला येईपर्यंत मीही तेच गोड पाणी प्याले. रागानं सुद्धा ते गोडच लागायचं.

आता मी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत आहे. लोक बाटली टेबलावर ठेवून म्हणतात, "गोड हाय मॅडम, उगं तपासायलाव." मी रोज तेच सांगते, की आर्सेनिकला चव नसते, वास नसतो, उकळून ते जात नाही आणि वर्षानुवर्षं प्यायलं तर कातडीपासून आतड्यापर्यंत पोचतं, कॅन्सरही होतो. जगाला सांगत फिरले आणि माहेरचं पाणी मात्र एकदाही तपासलं नाही. तुम्ही चाखलेलं होतं ना.

यंदाच्या भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर धाकट्याच्या हातावर करंजी ठेवायला गेले, तर तळहातभर मक्याच्या दाण्यांसारखे कडक खडे. "घट्टे हायत, आक्का." पण हा तर सगळं ट्रॅक्टरनं करतो, आणि तसेच दाणे भावजयीच्या तळपायांवर. आर्सेनिकची खूण अशीच असते; निघताना मी बोअरची बाटली भरून घेतली.

आर्सेनिक मर्यादेच्या कितीतरी वर निघालं. खरं सांगते अण्णा, भीती नंतर वाटली. आधी मनात आलं, घ्या, तुमच्या लाडक्याचं अमृत.

अहवाल घेऊन गावी गेले. त्यानं कागदाकडे बघितलंसुद्धा नाही. "अण्णांनी चाखलेलं पाणी हाय. ते खोटं बोलले का?"

"जिभेला कळत न्हाई रे ते."

"मंग तुझ्या कागदाला कळलं व्हय?"

तेवढ्यात त्याची लेक त्याच बोअरच्या नळाला शाळेची बाटली भरायला आली. मी तिचे हात उलटे करून पाहिले. अजून मऊ होते. माझ्या तोंडातून निघून गेलं, "अण्णा स्वप्नात आलते. म्हणले, पाणी बदललंय, पोरीला पाजू नका."

त्यानं पोरीच्या हातातली बाटली घेतली. मग ती ओतून टाकली. दुसऱ्या दिवसापासून मी तपासून दिलेल्या विहिरीचं पाणी पिऊ लागले सगळे, आणि तो दवाखान्यातही आला. माझी पदवी, माझी नोकरी, माझा शिक्क्याचा कागद एका पारड्यात आणि तुमचं एक स्वप्न दुसऱ्यात. मेल्यावरही तुमचंच खरं.

डॉक्टरांनी त्याचे हात निरखून पाहिले, म्हणाले, ते पाणी सोडलंत हे बरं झालं, पुढं लक्ष ठेवू. बाहेर बाकावर बसल्यावर तो तळहाताकडे बघत म्हणाला, "आक्का, नारळ मला दिलता त्यांनी. मंग तुझ्याच स्वप्नात कसे आले? माझ्या एकदाबी न्हाई आले." त्याच्या आवाजातला तो जळफळाट मला लगेच ओळखू आला. माझ्याच घरचा होता.

हे सगळं अहवालाच्या पाठीमागं लिहिलंय. त्याच्या हाती लागू नये म्हणून कपाटात कुलूप लावून ठेवणार आहे. तुम्ही माझ्याही स्वप्नात कधी आला नाहीत, अण्णा. एवढं एक वाक्य मी त्याला बोलले असते तर त्याचा जीव थंड झाला असता. मी बोलले नाही.