आठ पॅनेल आणि सागवानी चौकट

३ मार्च, सकाळ
आजपासून रोजनिशी. फक्त तांत्रिक नोंदी. भावनांना इथे जागा नाही.

इमारतीच्या गच्चीवर काल सोलरची आठ पॅनेल बसली. श्रेय माझं. कमिटीला मीच पटवलं. रोज दुपारी वीज जाते, लिफ्ट बंद पडते, आणि आम्ही चौथ्या मजल्यावर. त्यात सासूबाईंचा गुडघा. मागच्या महिन्यात मेहुणा येऊन म्हणाला, आईला माझ्याकडे नेतो, तळमजला आहे. ही गप्प बसली. हिचं ते गप्प बसणं मला चांगलं ठाऊक आहे. मी म्हटलं, महिनाभर थांब, वीज गेली तरी लिफ्ट चालवून दाखवतो. मेहुणा हसला. तो इंजिनिअर. मी फोटो फ्रेमवाला. पण कोन कापण्यात माझी हयात गेली आहे. पंचेचाळीस अंश नुसत्या नजरेने सांगतो. आणि सोलर म्हणजे तरी काय, कोनाचाच मामला.

३ मार्च, संध्याकाळ
परिसराचा अभ्यास पूर्ण. टाकीवर चढून गल्लीतली सगळी छतं पाहिली. समोरच्या बेकरीवाल्याने खालून विचारलं, काय शोधताय? म्हटलं, ऊन. म्हणाला, ते इथे खालीही आहे. अशा माणसांशी वाद घालू नये.
निष्कर्ष: या गल्लीवर पडणाऱ्या उन्हावर अख्खी गल्ली चालेल, वर शिल्लक राहील. आपली पॅनेल दिवसाला वीस युनिट देतील. आकडा मुद्दाम कमी धरला आहे.

५ मार्च
पॅनेल जवळून पाहिली. काच उत्तम. कडा मात्र नागड्या. ॲल्युमिनियमची बोटभर पट्टी, संपलं. लग्नाचा फोटो पुठ्ठ्यावर चिकटवून भिंतीला लावावा, तसं. दुकानात एका मोडलेल्या ऑर्डरची सागवानी पट्टी पडून आहे. तीन इंच खोल, आतून सोनेरी रेघ. ठरलं.
ही म्हणाली, गच्चीवर कोण बघायला येतंय? म्हटलं, सूर्य.

८ मार्च
आठही फ्रेमा चढल्या. सांध्यात केस जाणार नाही. सेक्रेटरी म्हणाले, छान दिसतंय, पण कंपनीच्या माणसाला विचारलंत का? कंपनीच्या माणसाला फ्रेमिंगमधलं काय कळतं!
सासूबाईंना मोबाईलवर फोटो दाखवला. म्हणाल्या, "सुरेख. आता यात कुणाचे फोटो लावणार?" चष्मा नव्हता त्यांना.

१० मार्च
मीटरवर नऊ युनिट. धूळ असणार.

११ मार्च
धूळ पुसली. नऊ.

१३ मार्च
कबुतरं. दुपारभर छत्री घेऊन गच्चीत उभा राहिलो, एकालाही बसू दिलं नाही. नऊ. मला मात्र उन्हाने चक्कर आली. म्हणजे ऊन भरपूर आहे, हे सिद्ध झालं.

१६ मार्च
बेकरीचा धूर! इतके दिवस लक्षात कसं आलं नाही? बेकरीवाल्याला खडसावलं. म्हणाला, धूर तर पलीकडे जातो, साहेब. आत्ता जातो, असं मी म्हटलं.
मेहुण्याचा फोन. "काय भाऊजी, किती येतंय?" सांगितलं, दोन आकडी होण्याच्या मार्गावर आहे.

१९ मार्च
नऊ. या भागातल्या उन्हात पूर्वीचा दम राहिलेला नाही, असं माझं स्पष्ट मत झालं आहे. पण रविवारी चाचणी आहे आणि मेहुणा यायचा आहे. लिफ्टची बॅटरी अर्धी भरते. उतरण्यापुरती पुष्कळ झाली. खाली तर दगडसुद्धा फुकट येतो.

२२ मार्च, रविवार
दुपारी वीज वेळेवर गेली. सासूबाई नवी साडी नेसून लिफ्टमध्ये शिरल्या, सोबत मेहुणा. लिफ्ट सुरू झाली! खाली स्वागताला हजर असावं म्हणून मी जिन्याने धावत सुटलो. तिसऱ्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधे लिफ्ट थांबली.

फटीतून आवाज दिला. मेहुणा सगळी बटणं दाबत होता. सासूबाईंनी शांतपणे विचारलं, "जावईबापू, ऊन संपलं का?" मी बॅटरीचं तत्त्व पहिल्यापासून समजावायला घेतलं. आतून मेहुणा ओरडला, "भाऊजी, आत्ता नको!"

वीज येईपर्यंत त्या आत उभ्या होत्या. स्टूल ठेवायचं कुणाला सुचलं नव्हतं. कुणाला म्हणजे मला.
संध्याकाळी मेहुणा त्यांना घेऊन गेला. ही स्वयंपाकघरात गेली. भांडी बोलत होती.

२४ मार्च
घर शांत. तांत्रिक कामाला अत्यंत पोषक.
सायंकाळी उन्हाच्या कोनाबद्दल एक नवा विचार सुचला, तो मोठ्याने मांडला. ही आतल्या खोलीत निघून गेली. सासूबाई असत्या तर लसूण सोलता सोलता "हो का?" म्हणाल्या असत्या. त्यांना त्यातलं काही कळत नसे, हे मला माहीत आहे. पण "हो का?" फार वेळेवर यायचं.

२७ मार्च
कमिटी गच्चीवर आली. आठही पॅनेल बदलून मागू, असं मी ठणकावून सांगितलं. माझ्या बाजूने कसर नाही हे दिसावं म्हणून एक फ्रेम उतरवून सांधा दाखवला. सेक्रेटरी सांध्याकडे बघेनात. ते मीटरकडे बघत होते. त्या क्षणाला बनणाऱ्या विजेचा आकडा वर गेला होता.
"परत लावा," म्हणाले. लावली. आकडा खाली. "काढा." वर. "लावा." खाली. मग फ्रेमची सावली काचेवर कुठवर येते, तिथे त्यांनी बोट ठेवलं. आठही उतरवल्या. उतरवताना सेक्रेटरींनी विचारलं, सावली पडू देऊ नका असं माहितीपुस्तकाच्या पहिल्याच पानावर आहे, वाचलं नाहीत? पहिलं पान मी प्रस्तावना म्हणून सोडलं होतं.
शोध: खोल सागवानी चौकट सोलरला मानवत नाही. प्रत्यक्ष प्रयोगाने हे सिद्ध करणारा मी बहुधा पहिलाच.
बेकरीवाल्याकडे जाऊन आलो. धुराबद्दलचे शब्द मागे घेतले. त्याने विचारलं, सापडलं का ऊन?

३१ मार्च
वीस युनिट! बॅटरी काठोकाठ.
मेहुण्याकडे गेलो. भाषणाची तयारी केली होती. दारात पोचल्यावर तोंडातून एवढंच आलं, "चला ना घरी." सासूबाईंनी पिशवी भरूनच ठेवली होती. म्हणाल्या, "इथे सगळे हुशार आहेत हो. कुणी काही सांगतच नाही."

इमारतीत पोचलो तेव्हा वीज नेमकी गेलेली. लिफ्ट मात्र चालू! आत दिवा, पंखा. कोपऱ्यात स्टूलही ठेवलं होतं मी. दार उघडून अदबीने बाजूला झालो. सासूबाईंनी लिफ्टकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि जिन्याचा कठडा धरला. "तुमच्या लिफ्टपेक्षा माझा गुडघा बरा, जावईबापू. तो निदान थांबायच्या आधी सांगतो."

सोडायला आलेला मेहुणा त्यांची पिशवी घेऊन लिफ्टने भुर्रकन वर गेला. आम्ही जिन्याने. दर मजल्याला बसत. दुसऱ्या मजल्यावर त्या पायरीवर टेकल्या आणि म्हणाल्या, "हं, त्या दिवशी बॅटरीचं काय ते सांगत होतात?"
पहिल्यापासून सांगितलं. चौथा मजला जरा लवकरच आला.