सहाव्या बोटाचं चित्र

मंगळवार, ६ फेब्रुवारी

बसवाल्याने चार तास सांगितले होते, लागले सहा. खोली एका फ्रेमवाल्याच्या दुकानावर आहे. जिना इतका अरुंद की बॅग डोक्यावर घेऊन चढले. खिडकीतून समुद्र दिसतो – दोन छपरांच्या मधून, चार बोटं रुंद. जाहिरातीत म्हणे 'समुद्रासमोरची खोली'!

गाव काही कळत नाही. निम्मं जुनं आहे, निम्मं जुनं दिसावं म्हणून रंगवलेलं. तटबंदीच्या आतल्या गल्ल्या सगळ्या सारख्या. मासळीच्या जुन्या गोदामांत आता चित्रकार बसतात, बर्फाच्या कारखान्यात कुंभारकाम चालतं. बेकरीपासून निघाले ती फिरून तीनदा बेकरीशीच आले. तिसऱ्यांदा बेकरीवाला हसला. मीही हसले. दुसरं काय करणार?

सहा दिवस, आठ चित्रं. पाचवीच्या पुस्तकातला धडा – समुद्रकाठचं गाव. संपादक म्हणाले, या वेळी प्रत्यक्ष बघून काढा, नेहमीची होडी आणि सूर्य नको. वीस वर्षं मी शाळेच्या पुस्तकांत होडी आणि सूर्यच काढते आहे, हे त्यांना आत्ता दिसलं.

आईला पोचल्याचा फोन केला. नुसतं 'बरं' म्हणाली. एरवी जेवलीस का, दार नीट लागतं का, शंभर प्रश्न असतात.

बुधवार, ७

होडी काढली. मग सूर्य काढला. फाडून टाकलं.

गुरुवार, ८

नीट लिहिते, नाहीतर उद्या माझाच माझ्यावर विश्वास बसणार नाही.

सकाळी फ्रेमवाले काका म्हणाले, चित्रं सुचत नसतील तर छापखाना बघून या. छापखाना म्हणजे पत्रिका छापतात तो नव्हे. इथे लिनोलियमचा रबरासारखा तुकडा कोरून, त्यावर शाई फिरवून चित्रं छापतात. चाळीस-पंचेचाळीस वर्षं चालू आहे. गावोगावचे लोक येतात, आठवडाभर राहतात, शिकतात, जातात. प्रत्येकाने जाताना एक छाप ठेवून जायचा असा नियम. ते सगळे छाप सपाट खणांच्या मोठ्या कपाटांत आहेत. तिथे काम बघणारा दाढीवाला भला माणूस. म्हणाला, बघा हवं तेवढं, फक्त हात धुऊन या.

सहाव्या की सातव्या खणात ते सापडलं.

दोन मुलं जमिनीवर झोपलेली, वरून पाहिलेली. मुलगा कुशीवर, हात डोक्याखाली. मुलगी उताणी, पांघरूण लाथाडलेलं, डावा पाय बाहेर. आणि त्या पायाला सहा बोटं.

माझ्या डाव्या पायाला सहा बोटं आहेत. करंगळीच्या शेजारी आणखी एक, बाहेर डोकावणारं. मी मोजली. चित्रातली मोजली, मग चप्पल काढून माझी मोजली, मग पुन्हा चित्रातली. दाढीवाला बघत होता. त्याला काय वाटलं असेल देव जाणे.

सही नाही. खाली पेन्सिलीने फक्त साल. तेव्हा मी सहा वर्षांची होते.

म्हणजे बाबा! दुसरं कोण? दुकानांच्या पाट्या रंगवायचे, पण हात चित्रकाराचा होता, सगळेच म्हणायचे. मला हात त्यांच्याकडूनच आला. पण बाबा इथे कधी आले? चार वर्षांपूर्वी ते गेले, आता विचारायचं कोणाला?

दाढीवाला इथे दहाच वर्षं आहे. त्याला काही माहीत नाही. छापखाना सुरू करणाऱ्या मोठ्या बाई डोळ्याच्या ऑपरेशनला गेल्या आहेत. परवा येतील.

दादाला फोन लावला. तो दुकान उघडत होता. म्हणाला, बाबा आयुष्यात एक रात्र घराबाहेर राहिले नाहीत, तुला उन्हाचा त्रास झालाय, लिंबूपाणी पी.

शुक्रवार, ९

रात्र उलटसुलट विचारांत गेली. त्या वर्षीचं मला जे आठवतं ते इतकंच – आई दवाखान्यात होती. पुष्कळ दिवस. मुलांना आत सोडत नाहीत असं बाबांनी सांगितलं होतं. ते पहाटे उठून आमचे डबे करायचे, पोळ्या जळायच्या. दादा जळका भाग काढून मला द्यायचा. मग कधी तरी आई परत आली, वाळलेली. तिला नक्की काय झालं होतं हे आम्ही कधी विचारलं नाही. घरात तो विषयच नव्हता.

मग बाबा आम्हांला टाकून इथे आले कधी? आई दवाखान्यात, बाबा इथे, तर आम्हांला सांभाळलं कोणी? हिशेब लागत नाही. डोक्याचा नुसता भुगा.

दुपारी आईला फोन केला. म्हटलं, आई, बाबा कधी या गावात राहिले होते का? इथे आमचं चित्र आहे, माझं आणि दादाचं, माझ्या पायासकट.

तिने आधी टीव्ही बंद केला.

मग म्हणाली, "कागद कसला आहे? पिवळा पडलाय का?"

मी म्हटलं, थोडा. कडेला.

"कडेला पडणारच," म्हणाली. गॅसवर दूध आहे म्हणून फोन ठेवला.

हे काय उत्तर झालं? सत्तरीला आली, पण अजून ताकास तूर लागू देत नाही. आणि कागदाचं हिला काय पडलंय? चित्र म्हटलं की हिच्या कपाळाला आठ्या. सतरा वर्षांची असताना मी चित्रकलेच्या कॉलेजचा फॉर्म आणला, तो हिने माझ्यासमोर फाडला होता. चार तुकडे. दुसऱ्या दिवशी बाबांनी गुपचूप दुसरा आणून दिला. सत्तावीस वर्षं झाली. आम्ही दोघी एका घरात राहतो, एका ताटलीत खारी खातो, पण ते चार तुकडे माझ्या मनातून गेलेले नाहीत.

शनिवार, १०

मोठ्या बाई आल्या. ऐंशीच्या पुढच्या, एका डोळ्यावर हिरवी पट्टी, आवाज मात्र हवालदाराचा. मी नाव सांगितलं, गाव सांगितलं, त्यांना काही उमजेना. चित्र दाखवलं तर एका डोळ्याने चित्राकडे पाहतात, माझ्याकडे पाहतात. शेवटी मी चप्पल काढली आणि पाय पुढे केला.

त्या वाकल्या. नाकाजवळ नेल्यासारखा माझा पाय बघितला.

"तू बारकी," म्हणाल्या.

घरात मला बारकीच म्हणतात. घराबाहेर कोणाला हे नाव माहीत नाही.

मी विचारलं, माझे वडील इथे किती दिवस होते?

"वडील? ते एक दुपार होते. तुझ्या आईला भेटायला आले होते."

पुढचं मी स्टुलावर बसून ऐकलं. आई एका आठवड्यासाठी आली होती, पेपरातली जाहिरात वाचून. बाबांच्या पाट्यांवरची अक्षरं तीच आखायची म्हणे – हेही मला माहीत नाही! आठवडा संपला, ती म्हणाली, आणखी चार दिवस. मग आणखी चार. असे पाच महिने. वरच्या माळ्यावर राहायची, बेकरीत सकाळचं काम करायची, उरलेला सगळा वेळ इथे.

मोठ्या बाईंनी खालचा खण उघडला. तिथे आणखी दहा होती. दादा अभ्यास करताना. मी दाराच्या उंबऱ्यावर. आमची पाठमोरी डोकी. माझा तो पाय, नुसता पाय, कागदभर मोठा.

"इथे येणारा प्रत्येक जण समुद्र काढतो," बाई म्हणाल्या. "हिने पाच महिने खिडकीबाहेर पाहिलं नाही. तुम्हां दोघांनाच काढत बसायची, आठवणीतून. मी म्हणायची, एवढी आठवण येते तर जा ना घरी. तर म्हणायची, घरी काढता येत नाहीत."

मी विचारलं, बाबा भांडले का?

नाही म्हणाल्या. बाबा त्या दाराशी उभे होते, हातात टोपी. आईला एवढंच म्हणाले की मुलांचं मी बघतोय, तुला राहायचं असेल तर रहा, मी फक्त विचारायला आलोय. चहा घेतला आणि दुपारच्या बसने परत गेले. आई आणखी चार दिवस राहिली. पाचव्या दिवशी हत्यारं पुसून ठेवली आणि निघाली.

"पुढे काय केलं तिने?" बाईंनी विचारलं.

काय सांगणार? म्हटलं, आमची आई झाली.

रविवार, ११

काही सुचत नाही. ती आम्हांला टाकून गेली आणि इथे बसून आम्हांलाच काढत राहिली. राग कशाचा धरू? धरायला जावं तर हातात माझाच पाय येतो.

बाबांचाही राग येतो आहे. दवाखाना म्हणाले! सहा वर्षांची मी रोज झोपताना आई बरी होऊ दे म्हणायचे. आणि त्याच बाबांचा अभिमानही वाटतो. दोन्ही एकदम कसं वाटतं कोणास ठाऊक.

संध्याकाळी आईला फोन. म्हटलं, मोठ्या बाई भेटल्या.

म्हणाली, "कशा आहेत? डोळे कसे आहेत त्यांचे?"

मग माझा तोल गेला. सांगितलं का नाहीस, कधी सांगणार होतीस, मी मेल्यावर? खूप बोलले. खाली काकांनी हातोडी थांबवली, इतकं.

तिने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "तेव्हा तुम्ही लहान होतात. मग मोठे झालात. मग कामंच इतकी होती."

आणि जरा थांबून, "उद्या सकाळची बस किती वाजता असते गं?"

सोमवार, १२

काकांकडून खोली आणखी दोन दिवस मागून घेतली.

आई दीडच्या बसने उतरली. एकटी, एक पिशवी. दादाला म्हणे एवढंच सांगून आली की बारकीला कंटाळा आलाय, दोन दिवस जाऊन येते. मी हात धरायला पुढे झाले तर पिशवी माझ्या हातात दिली आणि चालायला लागली. आठवडाभर मी या गल्ल्यांत चुकते आहे. ती कोणालाही न विचारता दोन वळणं घेऊन छापखान्याच्या दारात. मी मागे, पिशवी घेऊन, धापा टाकत.

मोठ्या बाई खिडकीशी होत्या. त्यांनी पट्टीचा डोळा वळवला, मग दुसरा.

"उशीर केलास," म्हणाल्या.

"हो. जरा झालाच," आई म्हणाली.

दोघी हसल्या नाहीत, रडल्या नाहीत. आईने नळाखाली हात धुतले, पुसले आणि खणाशी जाऊन बसली. अकरा छाप एकेक करून पाहिले. मी वाट पाहत होते की आता काही तरी बोलेल. बोलली. दादाच्या चित्राकडे बोट दाखवून म्हणाली, खांदा चुकलाय.

मंगळवार, १३

आज विचारलं. राहवेना. मोठ्या बाई जेवायला गेल्या होत्या, आई मोठ्या प्रेसचं चाक पुसत होती. मी म्हटलं, माझा फॉर्म का फाडलास?

पुसायची थांबली नाही. म्हणाली, "मला माहीत होतं ना, ते कसं असतं. एकदा आत गेलं की बाहेरचं कोणी दिसत नाही. माझी लेकरं मला कागदावर दिसायची, दारात उभी असलेली दिसली नसती. तुझं तसं होऊ नये वाटलं."

मी म्हटलं, माझं तसं झालं नाही. मी वीस वर्षं होडी आणि सूर्य काढते.

तेव्हा तिने मान वर केली. माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं माफी मागते आता. पण म्हणाली, "मग ते माझ्यामुळे झालं का?"

खरंच माहीत नाही. हो म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तरी खोटं. आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो, मधे ते चाक.

मग ती म्हणाली, ये, हे धर, एकटीने हलत नाही. मी धरलं.

दुपारी दाढीवाल्याने तिला लिनोलियमचा तुकडा दिला. तिने हत्यार हातात घेतलं. एक रेघ घसरली. पुसून टाकता येत नाही त्यात, कोरलं ते कोरलं. तिने तुकडा फिरवला आणि त्या घसरलेल्या रेघेतूनच पुढे सुरुवात केली. काय कोरते आहे ते मला दाखवेना, पाठ करून बसली. पाच वाजले, सहा वाजले. मी दोनदा हाक मारली, चहा आणून ठेवला. तिला ऐकूच आलं नाही.

मला भीती वाटली. आणि तरी उठवावंसं वाटेना.

माझी आठांपैकी तीन चित्रं झाली आहेत. बरी आहेत.

बुधवार, १४

घरी पोचले. जिन्यात दादा भेटला. त्याने माझ्या हातातली बॅग घेतली, माझ्या मागे पाहिलं, खाली वाकून जिन्याच्या वळणापर्यंत पाहिलं. विचारलं, आई कुठे आहे?

म्हटलं, राहिली.