अण्णा, तुम्ही माझं नाव का खोडलंत?

प्रिय अण्णा,

काल शाळेच्या हॉलमध्ये त्या इमारतींची सुनावणी झाली. आज सकाळपासून आपल्या गल्लीत माझ्याशी कुणी बोलत नाही. तुम्ही जाऊन तीन महिने झाले, तरी तुम्हालाच लिहितेय. दुसऱ्या कुणाला विचारू?

तुमच्या जागी मलाच उभं केलं त्यांनी. समितीतले सावंतकाका म्हणाले, "सुमन, अण्णांनी समिती उभी केली, त्यांचं निवेदन तूच वाच." नाही कशी म्हणणार?

किती फिरलात हो तुम्ही त्यासाठी! मागच्या मैदानावर एका खोलीच्या सरकारी घरांच्या वीस इमारती येणार असं कळलं, त्या दिवसापासून तुमच्या पायातली चप्पल निघाली नाही. कळंबोलीच्या उन्हात दारोदार एकच बोलणं, "आपल्यालाच एक दिवसाआड पाणी. एवढी कुटुंबं आणखी आली तर प्यायचं काय?" परळच्या चाळीत आईनं तीस वर्षं नळावर रांग लावली, ते तुमच्या मनातून कधी गेलंच नाही. इथे राहायला आलो त्या दिवशी तुम्ही मोरीतला नळ सोडून नुसते बघत उभे होतात.

आणि मी? त्याच इमारतींतल्या घरासाठी मी फॉर्म भरला होता! नावड्याला आम्ही भाड्यानं राहतो, तिथे दर अकरा महिन्यांनी घरमालक खोली रिकामी करायला लावतो. दोन पोरं घेऊन किती वेळा बिऱ्हाड हलवायचं? पण तुम्ही सह्यांचा कागद पुढे केलात, "इथल्या पत्त्यावर कर गं सही," म्हणालात, आणि मी केली. का केली, देव जाणे.

सांगणार होते, अण्णा. आज सांगू, उद्या सांगू करत राहिले. मग तुमच्या छातीत दुखलं आणि दुपारच्या आत सगळं संपलं.

परवा निवेदन शोधायला तुमची फाईल उघडली. सह्यांच्या यादीत माझं नाव निळ्या पेनानं खोडलेलं! आईला विचारलं. ती म्हणाली, "तुझ्या पिशवीत त्यांना फॉर्मची पावती दिसली. म्हणाले, विरोधात सही सापडली तर पोरीचं घर जाईल."

"मग विरोध का नाही थांबवला?"

"दुसऱ्या दिवशी परत सह्या गोळा करायला गेले. मला काय कळतंय त्यांचं?"

मलाही कळत नाही. मला घर मिळावं असं तुम्हाला वाटत होतं, की मिळू नये?

काल निवेदन वाचायला लागले. पाण्यापर्यंत ठीक होतं. पुढे तुमचं वाक्य आलं, "असल्या वस्तीमुळे इथलं वातावरण बिघडेल." तेवढ्यात मागून एक बाई उठल्या.

"ताई, आमी लोखंड बाजाराच्या मागं पत्र्याखाली रहातो. आमचे मालक ट्रक चालवतात. आमच्यानं काय बिघडनार? तुमी कुठं रहाता?"

"नावड्याला, भाड्यानं," माझ्या तोंडून निघून गेलं. "मीपण फॉर्म भरलाय."

हॉलमध्ये नुसता गलका! सावंतकाका ओरडले, "अण्णांच्या जागी उभी राहून हे बोलतेस?" सुनावणी घेणाऱ्या साहेबांना म्हटलं, "अण्णांना पाण्याचं टेन्शन होतं. आधी पाइपलाइन टाका, मग घरं बांधा." साहेबांनी लिहून घेतलं. निर्णय नंतर कळवू म्हणाले.

बाहेर त्या बाईंनी माझा हात धरला. सावंतकाकांनी पाठ फिरवली. तुम्हाला पहिला खांदा त्यांनीच दिला होता हो.

मी तुमच्या तोंडी माझंच बोलणं घातलं का? "असल्या वस्तीमुळे" लिहिताना तुमच्या डोळ्यांपुढे कोण होतं? त्यात मी होते? ते वाक्य तुम्ही पावती दिसण्याआधी लिहिलंत की नंतर? निदान तारीख तरी टाकायचीत! वाण्याच्या यादीवरसुद्धा टाकायचात.

एवढं मात्र कबूल करते. नंबर लागला तर मी त्या घरात जाणार, तुम्हाला पटो न पटो. पाइपलाइन पडेपर्यंत कचेरीत खेटेही घालणार, सोबत कुणी येवो न येवो. आणि ह्यापुढे तुमच्यापासून काही लपवणार नाही.

तुमची,
सुमी