खिंड अजून बंद आहे

३ मार्च
…मी कणीक मळत होते. नळाला आठ दिवसांनी पाणी आलेलं, म्हणून बादल्या, पातेली, शेवटी चहाचे कपसुद्धा भरून ठेवले होते. माझ्या मेसमध्ये पोळ्या लाटायला येणारी भामाबाई पोळपाट धूत होती. किशन उंबऱ्यात बसून बूट घालत म्हणाला, आई, बर्फ कधी पडणार, कडा कधी कोसळणार, हे आधी सांगणारं मशीन करून राहिलो. मी म्हटलं, भूकंपाचं कर. तो म्हणाला, त्याचं होत न्हाई, बर्फाचं होतं. हात पिठाचे होते म्हणून त्याच्या डोक्यावर ठेवले नाहीत. या गोष्टीला दीड वर्ष झालं.
आज उगाच आठवलं. यापुढे सकाळच्या कामाच्या वेळी आठवायचं नाही. ठरलं.
अक्षय तृतीयेला येतो म्हणालाय. त्याच्या बाबांच्या नावाची घागर या वर्षी त्याने भरायची. भूकंपात हे गेले तेव्हा किशन पोटात होता. वर लडाखकडे, बर्फातल्या खिंडीपलीकडे त्याचं ऑफिस. खिंड उघडली की निघतो म्हणाला.

१२ मार्च
त्याचं मशीन माझ्या मोबाईलमध्येही आहे. त्यानेच टाकून दिलं, मी काळजी करू नये म्हणून. आज नीट वाचायला शिकले. मेसच्या मुलींनी टाकून दिलेल्या नोट्स वाचून वाचून प्रॉबेबिलिटी मला येते. वीस हिवाळ्यांचा बर्फ आणि उपग्रहाचे फोटो मशीनला शिकवलेत. आमच्या मुली वीस वर्षांचे जुने पेपर सोडवतात, तसंच.
खिंड बंद राहण्याची शक्यता ८८ टक्के. डिस्टिंक्शन. किशन बिचारा अडकलाय.
मोबाईल दिवसातून एकदाच बघायचा.

१३ मार्च
चार वेळा बघितला. पण त्यातल्या दोन वेळा वेळ बघायला घेतला होता.

६ एप्रिल
फोन आला. तृतीयेचं काढलं तर म्हणाला, आई, तिथं आलो की मी फक्त मेलेल्या माणसाचा पोरगा होतो. तू ताट वाढतीस आणि त्यांचंच सांगतीस. मला तिथं जीव लागत न्हाई.
मेसमध्ये धर्माबादची मुग्धा आहे, तिला विचारलं. ती म्हणाली, काकू, उंचावर ऑक्सिजन कमी असतो, मेंदूवर परिणाम होतो. तेच असणार. गूळ-शेंगदाण्याचे लाडू पाठवायचे.

१५ एप्रिल
४१ टक्के. भामाबाई म्हणाली, म्हणजे अर्ध्याच्या खाली, उघडली की खिंड. तिला परीक्षेतलं काय कळतंय! पस्तीसला पासिंग असतं. बर्फ पास आहे, खिंड बंद आहे. ती म्हणाली, मावशे, पोरगं यावं म्हणून जीव टाकतीस आणि बर्फ पास झाला की खूश होतीस, हे काय गं?
ती पोळ्या जाड लाटते, हे तिला एकदा सांगायला हवं.

२१ एप्रिल
इथे ४२ डिग्री. पत्रे तापलेत. भूकंपानंतर मी स्लॅबखाली झोपत नाही, त्यामुळे दुपारी पत्र्याखालीच. देवाला हात जोडून बर्फ मागितला. तिथल्यासाठी.
मशीन ३१ म्हणतं. चार मार्क ग्रेस देऊन पास केला.

२५ एप्रिल
३ टक्के. ग्रेसलाही मर्यादा असते.
किशनला फोन केला. म्हणाला, लई बर्फ हाय आई, खिंड बंद. मशीनला जुने पेपर पाठ आहेत. माझा लेक खिडकीतून समोर बघून सांगतो. मशीन चुकतंय. त्याला तसं सांगितलं तर हो म्हणाला आणि फोन ठेवला. वाईट वाटलं असणार. सहा वर्षांची मेहनत आहे.

२९ एप्रिल
मुग्धा जेवताना धावत आली. काकू, किशनदादा! मोबाईलवर व्हिडिओ होता. नांदेडच्या एका क्लासने जुन्या यशस्वी विद्यार्थ्याचं भाषण ठेवलं होतं, काल संध्याकाळी. मागे त्याचा मोठा फोटो. किशन बारीक झालाय. शर्टाला इस्त्री होती. म्हणाला, माझ्या आईने लातूरला मेस चालवून, पोळ्या लाटून मला शिकवलं, आज जो आहे तो तिच्यामुळं. सगळा हॉल टाळ्या वाजवत होता. आमच्या मुलींनीही वाजवल्या.
मुग्धा म्हणाली, नांदेडपर्यंत आले आणि इकडं न्हाई आले? मी म्हटलं, आला होता की. सकाळीच येऊन गेला. तुम्ही क्लासला होतात. भामाबाई लाटणं हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. सकाळभर ती माझ्याजवळच होती. मग पुढची पोळी लाटायला घेतली.
म्हणजे खिंड उघडी होती. म्हणजे मशीन बरोबर होतं. माझ्या लेकाच्या मशीनला मी नापास करायला निघाले होते.

४ मे
नांदेड-लातूर एसटीला तीन तास लागतात. मोठ्या माणसाला तीन तास काढणं सोपं नसतं. दमला असेल. तृतीयेला निवांत येणार, म्हणून तेव्हा आला नाही. त्याची गादी उन्हात टाकली. बाबांचा विषय काढायचा नाही, हे पाठ केलं. त्याच्याशी पाऊस, भाजी, मुग्धाचे मार्क यांवर बोलायचं.

९ मे
संध्याकाळी फोन. म्हणाला, आई, परत वर आलोय. बर्फ पडून राहिलाय. उद्या तृतीयेला जमंल असं वाटत न्हाई.
त्याच्याशी बोलता बोलता मशीन उघडलं. शून्य टक्के. आकाश निरभ्र.
मी म्हटलं, हाव बाबा, माझ्या मोबाईलमध्येही तसंच दाखवतंय. लई बर्फ आहे. येऊ नकोस, वाटेत अडकशील.
मशीन काय दाखवतंय ते त्याला पाठ असतं. मग म्हणाला, जेवलीस का? मी म्हटलं, जेवले. जेवले नव्हते.

११ मे
काल लवकर उठले. बाजारातून मातीची घागर आणली. पाणी भरलं, वर आंबा ठेवला. बाईने भरलेली चालते का, ते कुणाला विचारलं नाही. ज्यांच्यासाठी भरायची त्यांचं नाव घ्यावं लागतं. लग्नातल्या उखाण्यानंतर मी ते मोठ्याने कधी घेतलं नव्हतं. वैजनाथ म्हटलं. मग मुलींचे डबे भरले.