तळाशी ठेवायचं पाणी

आई, तू गेलीस तेव्हा मला धड लिहिता येत नव्हतं, अजूनही फार येत नाही. शाळा सुटली ती सुटलीच. बोअरच्या गाडीवर चढलो, ती फिरत फिरत जयपूरला आली आणि मी इथं उतरलो. एका जागी मन लागत नाही माझं, तुला ठाऊक आहे. आता मी बोअर पाडत नाही, पाडलेल्या बोअरमध्ये पाणी किती खोल गेलं ते मोजतो. मतलब, मोजतात साहेब, मी नुसती टेप सोडतो. टेपच्या टोकाला पाणी लागलं की वरची पेटी वाजते, साहेब आकडा लिहितात, मी झाकणाला कुलूप लावतो. या बोअरला पंपच नसतो. पाणी काढायचं नाही, फक्त बघायचं. तू म्हणाली असतीस, "असली कसली रे नोकरी, पाण्याकडं नुसतं बघत बसायची?"

आपल्या चुलीशेजारचा तो पितळी हंडा आठवतो. टँकर येवो न येवो, तळाशी ओंजळभर पाणी राहिलंच पाहिजे, हा तुझा नेम. एकदा मी उन्हातून खेळून येतो, हंडा वाकडा करून तोंडाला लावतो आणि सगळं पिऊन टाकतो. तू फुंकणी हातात घेऊन उभी. मारत नाहीस. "आता पाण्यानं परत यायचं तरी कुठं?" एवढंच म्हणतेस, शेजारून तांब्याभर मागून आणतेस आणि हंड्यात ओततेस. त्यातलं घोटभर पिऊ देत नाहीस. मला तुझा असा राग आला होता! पोरगं तहानलेलं आणि ही हंड्याला पाजते.

सीतापुऱ्याच्या पुढं रस्ता सोडून आत गेलं की शेतात थोडी घरं आहेत. तिथल्या आमच्या बोअरचा पाइप एका म्हातारीच्या दाराशीच आहे. मी तिला माँजी म्हणतो. तिची विहीर कधीच आटली. मुलगा सीतापुऱ्यात कारखान्यात आहे, खोलीवर राहायला चल म्हणून मागं लागलाय. ती हलत नाही. "थारी मशीन बोले है ना? तो पानी है. मैं क्यूँ जाऊँ?" हे पाणी निघत नाही, कितीदा सांगितलं. ती म्हणते, "ताला लगाया है, तो कुछ सोचके ही लगाया होगा." मग मलाच चहा पाजते, टँकरच्या पाण्याचा.

परवा पेटी वाजली नाही. टेप पार तळाला जाऊन सैल पडली. वर ओढली तर टोकाला सुकी माती. साहेबांनी "ड्राय" लिहिलं आणि जीपमध्ये जाऊन बसले. म्हातारी दारातून विचारते, "आज बोल्यो कोनी?" आज मशीन बोललं नाही का, असं. मी मान खाली घालून टेप गुंडाळतोय. तशी ती आत गेली आणि घडा घेऊन आली. तिच्या आणि म्हशीच्या वाट्याचं पाणी. मी ओरडलो, "माँजी, पीने का पानी है!" "हट परे. सूखा नहीं छोड़ते," म्हणाली, आणि घडा पाइपात रिता केला. मग म्हणाली, "अब डाल." मी टेप सोडली. पेटी वाजली. तळाच्या चिखलाला टोक लागलं, बस. पण ती टाळी वाजवून हसली, "देख, बोल्यो!" तिकडून जीपचा हॉर्न वाजत होता.

काल तिचा मुलगा चहाच्या टपरीवर भेटला. न्यायला गेला होता, तिनं परत पाठवलं. "भैया, सच बताओ, पानी है क्या?" नाही म्हटलं. "तो आप ही बोलो उसको. मेरी नहीं सुनती, आपकी मशीन की सुनती है." जातो म्हटलंय. जाऊन काय सांगू, ते तू असतीस तर विचारलं असतं.

हा कागद टाकायला टपालपेटी कुठली, घडी करून उशाखाली ठेवतो. फक्त वर एक खोटं लिहिलंय. "अब डाल" असं ती म्हणालीच नव्हती. ती रिकामा घडा घेऊन आत निघाली होती. मीच तिला हाक मारून थांबवलं आणि टेप सोडली.