उजवीकडे सव्वा फेरी

बाबा, काल के. आर. पुरमच्या पुलाखाली एक जुनी जीप वळताना पाहिली. तिला उजवीकडे वळायचं होतं आणि एका दमात वळता येत नव्हतं. चालवणाऱ्याने गाडी मागे घेतली, पुढे घेतली, पुन्हा मागे घेतली. मागे रांग लागली. माझ्या ऑटोवाल्याने मान बाहेर काढून त्याला कन्नडमध्ये दोन शब्द सुनावले. मला मात्र उतरून त्या माणसाला सांगावंसं वाटलं की स्टिअरिंग डावीकडे किती फेऱ्या जातं ते आधी मोज, मग उजवीकडे मोज. उतरले नाही. घरी येऊन चहा ठेवला तो आटून गेला, आणि मी मनाने जे. पी. नगरच्या आपल्या अंगणातच होते.

अर्धांगाचा झटका हलका आहे, असं डॉक्टर म्हणाले होते. उजवा हात गेला आणि बराचसा परत आला. चमचा धरता येई, शर्टाची बटणं लावायला वेळ लागे. तुम्ही लांब रजेवर होता. कारखान्यात तुमचं काम यंत्रांतले दोष शोधण्याचं, आणि घरी दिवसभर आई आणि मी तुमच्यातले दोष पाहत बसलेल्या. चार महिन्यांनी तुम्ही जीप बाहेर काढली. ऑफिसच्या लिलावात घेतलेली, तीन वर्षं रविवारी खपून उभी केलेली ती जीप. आठवड्याभरात आपल्या गेटचा खांब दोनदा घासला. गल्ली अरुंद, गेट उजव्या हाताला, आणि गाडी तेवढी वळलीच नाही, असं तुम्ही म्हणालात.

"अहो, हात उचलत नाही आणि दोष गाडीला," आई म्हणाली.

"हात उचलतो. स्टिअरिंग अडतंय."

"इतकी वर्षं नाही ते अडलं."

"इतकी वर्षं तू शेजारी डोळे मिटून बसायचीस. तुला काय कळणार अडतं की नाही."

आईने किल्ली तूरडाळीच्या डब्यात ठेवली. ती तिथे आहे हे तिघांनाही माहीत होतं, पण डबा आईचा होता. मग तिने कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला बोलावलं. त्याला आपण सगळेच अण्णा म्हणायचो. त्याने जीप रिंग रोडपर्यंत सरळ नेली, सरळ आणली, हात पुसले आणि तुमच्याकडे न बघता आईला म्हणाला, "गाडी सरी इदे, अम्मा. सारांचा हात स्वल्प वीक." गाडी ठीक आहे. तुम्ही व्हरांड्यात खुर्चीवर बसून हे ऐकलंत. कोणी गिऱ्हाईक असेल तर बघ, असं आई त्याला म्हणाली, तेही ऐकलंत. संध्याकाळी जेवताना तुम्ही म्हणालात, "मला शनिवार-रविवार द्या. गाडीत दोष निघाला नाही तर सोमवारी विका."

तेव्हा मी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. लायसन्स होतं, जीप अजून हातात मिळाली नव्हती. पाना आणि पक्कड यांतला फरक मला सांगता आला असता, पण विचार करून. शनिवारी सकाळी तुम्ही मला तुमची जुनी विजार घालायला लावलीत आणि अंगणात स्टूल टाकून बसलात. हात माझे असणार होते. तुम्ही म्हणालात, "मोजल्याशिवाय पाना उचलायचा नाही. तुमच्या पुस्तकांत चालत असेल, इथे नाही."

जॅकने पुढची बाजू उचलली, खाली लाकडाचे ठोकळे दिले. स्टिअरिंगवर खडूने एक रेघ काढली. चाकं सरळ आहेत. मी डावीकडे फिरवते आहे, एक फेरी, दीड, पावणेदोन, आणि थांबलं. परत सरळ. आता उजवीकडे. एक, सव्वा. थांबलं. मी जोर लावला. "ओढू नकोस," तुम्ही म्हणालात. "ते नाही म्हणतंय तर ऐक त्याचं." मग तुम्ही स्वयंपाकघराकडे तोंड करून आईला हाक मारलीत. ती कणकेच्या हातांनी बाहेर आली.

"बस आत. फिरव उजवीकडे."

"मला येत नाही."

"म्हणूनच बोलावलं."

आईने कोपरापर्यंत हात पुसले, आत चढली आणि फिरवलं. खडूची रेघ एक फेरी फिरून आणखी पाव गेली आणि थांबली. आईने पुन्हा एकदा फिरवून पाहिलं.

"तुला केव्हा आला झटका?" तुम्ही विचारलंत.

आई उतरली. "बरं. मग दुरुस्त करा," म्हणाली आणि आत गेली. पाठमोरी हसली असावी असं मला वाटलं. तुम्हाला तर खात्रीच होती. त्यानंतरच्या दोन तासांत तुम्ही जितके बोललात तितके झटक्यानंतरच्या चार महिन्यांत बोलला नव्हता.

कारण शोधायचं म्हणजे एकेक निर्दोष माणूस बाजूला काढायचा, असं तुम्ही म्हणायचात. चाक पूर्ण वळलं की अडावं म्हणून आत एक बोल्ट असतो, तो आसावर टेकतो. डावीकडे तो टेकत होता. उजवीकडे टेकायच्या आधीच सगळं थांबत होतं, मध्ये माझं बोट जाईल एवढी जागा. म्हणजे चाकांनी अडवलेलं नाही. मग स्टिअरिंगच्या पेटीतून चाकांकडे जाणारा लांब रॉड सोडवला. आता चाकं मी हाताने ढकलली तर दोन्हीकडे सारखी वळत होती. आणि नुसतं स्टिअरिंग फिरवलं तर या टोकापासून त्या टोकापर्यंत साडेतीन फेऱ्या, मोकळं, लोण्यासारखं. पेटी चांगली होती, चाकंही चांगली होती.  मग म्हणालात, "दोघं चांगले आहेत. जोडताना चुकलंय."

पेटीच्या खाली एक दातेरी दांडा येतो आणि त्यावर लोखंडी हात बसतो, तोच रॉड ढकलतो. तो हात एक दाता चुकवून बसवला तर पेटीचा मध्य एकीकडे आणि चाकांचा दुसरीकडे. डावीकडे पुरतं, उजवीकडे संपतं. मी पोत्यावर पाठ टेकून खाली सरकले. तुम्ही कुठलीही गोष्ट उघडण्याआधी दोन्ही भागांवर पंचने एकेक ठिपका मारायचात, परत बसवताना ठिपक्यासमोर ठिपका यावा म्हणून. कारखान्यात तुम्हाला त्यावरून डॉट सार म्हणत. मी रॉकेलच्या चिंधीने ग्रीस पुसलं. एक ठिपका दांड्यावर होता, एक लोखंडी हातावर. दोघांमध्ये एका दात्याचं अंतर होतं.

ती पेटी तुम्हीच उघडली होती. तेल गळत होतं म्हणून सील बदललंत, एकट्याने, झटक्याच्या आदल्या महिन्यात. दुसऱ्या कोणी तिला हात लावला नव्हता, आणि त्यानंतर जीप बाहेर निघाली ती झटक्यानंतरच.

"खुणा दिसतात का गं?" तुम्ही वरून विचारलंत.

मला खालून फक्त तुमच्या रबरी चपला दिसत होत्या. उजवी थोडी बाहेर वळलेली, झटक्यानंतर राहिली तशी.

"नाही," मी म्हटलं. "गंज आहे नुसता."

चपला हलल्या नाहीत. मग तुम्ही म्हणालात, "बरं. मग मोजून मध्य काढू."

तो लोखंडी हात ओढून काढायला दुपार गेली. मग पेटी एका टोकाला नेली आणि तिथून पावणेदोन फेऱ्या परत आणली, तो तिचा मध्य. चाकं दोरी लावून सरळ केली, तो त्यांचा. मग हात बसवला, नट आवळला. तुम्ही पंच आणि हातोडी खाली सरकवलीत आणि म्हणालात, "नवी खूण कर. जुन्या दिसत नाहीत म्हणतेस ना." मी नवे ठिपके मारले. शेजारी जुनेही आता समोरासमोर आले होते. तुम्ही तोवर स्टिअरिंगकडे पाहत होता. दोनच आडव्या दांड्यांचं ते चाक. अर्धी फेरी चुकलं तरी पुन्हा आडवंच दिसणार, कोणाच्या लक्षात यावं? तुम्ही त्याच्यावर टिचकी मारलीत. "फसवलंन्," म्हणालात.

रात्री आईने विचारलं, कोणी बसवलं होतं चुकीचं? त्या अण्णाने का? उद्या सांगते त्याला. "त्याला काही बोलू नकोस," तुम्ही म्हणालात. "त्याचा काही संबंध नाही." आणि आमटी वाढायला सांगितलीत. तेव्हा मला कळलं की तुम्हाला माहीत आहे. मी बघितलं होतं हेही माहीत होतं का, ते मी कधी विचारलं नाही.

रविवारी सकाळी आईने डब्यातून किल्ली काढली, फुंकर मारून डाळीची पूड उडवली आणि तुमच्या हातात दिली. मी शेजारी बसले. तुम्ही कोपऱ्यापर्यंत गेलात, अण्णाच्या दुकानासमोरून मुद्दाम सावकाश, त्याला हात केलात, पुढच्या मैदानात उजवीकडे एक अख्खा गोल घेतलात. जीप वळत होती. तुम्ही काहीतरी गुणगुणत होता. मग आपली गल्ली आली, गेट उजवीकडे, आई गेट उघडून उभी. तुम्ही फिरवायला लागलात. एक फेरी. सव्वा. दीड. पुढची पाव फेरी तुमच्या हाताला ओढता आली नाही. बोटं सुटली, डाव्याने सावरेपर्यंत स्टिअरिंग उलटं फिरलं, आणि तुम्ही खांबापासून वीतभर अंतरावर ब्रेक दाबलात.

इंजिन चालू होतं.  तुम्ही उजवा हात मांडीवर ठेवलात आणि त्याच्याकडे पाहिलंत. कारखान्यातून आलेल्या एखाद्या भागाकडे पाहावं तसं, रागावून नाही.

"आता गाडीत काही नाही," तुम्ही म्हणालात.

"बाबा."

"एक दोष सापडला म्हणून दुसरा नसतो असं नाही. मीच पोरांना शिकवायचो हे." मग तुम्ही उतरलात, बॉनेटला धरत पुढून वळसा घालून माझ्या दाराशी आलात. "सरक. तू घे."

मी सरकले. तुम्ही शेजारी बसून सांगत होता, फिरव, अजून, अजून आहे, पुरतं घे, आणि जीप खांबाला न लागता आत आली. आई म्हणाली, पोहे थंड होतायत.

जीप विकली नाही. पुढची सहा वर्षं, तुम्ही होता तोवर, मी चालवली. तुम्ही पुन्हा कधी उजव्या बाजूला बसला नाहीत. आम्ही दोघी लोकांना सांगायचो की बाबांनी स्वतःहून चालवणं सोडलं, आणि लोक म्हणायचे, किती समजूतदार.

हे पत्र वहीतच राहील. खुणा दिसत नाहीत असं मी म्हणाले त्याबद्दल मला माफी मागायची नाही, पुन्हा वेळ आली तर पुन्हा तेच म्हणेन. त्या रविवारी मात्र मला तुम्हाला म्हणता आलं असतं की बाबा, मागे घ्या, एकदा पुन्हा बघा. गल्लीत कोणी नव्हतं, घाई नव्हती. तुम्ही दाराशी येऊन उभे राहिलात तेव्हा क्षणभर थांबलाही होता. मी म्हटलं नाही. मला चालवायची होती.