पट्ट्यावरची लाल बॅग

मंगळवार, संध्याकाळ

चूक माझी, आणि खेकसलो मात्र सुनंदावर.

बायको आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसली, तीही एकटी, अमेरिकेत लेकीच्या बाळंतपणाला. मध्ये एकदा विमान बदलायचं होतं. मी दहादा बजावलं होतं, "बॅग थेट लेकीच्या गावी जाते, मध्ये हात लावायचा नाय." शहागंजातल्या तिकीटवाल्यानं सांगितलं आणि मी मान डोलावली. आणखी कुणाला विचारलं असतं तर काय बिघडलं असतं?

तिकडं पहिल्याच विमानतळावर इमिग्रेशन होतं. तिथंच आपली बॅग उचलायची आणि पुढच्या विमानासाठी पुन्हा जमा करायची. सुनंदा दोन तास रांगेत उभी राहिली, बोटांचे ठसे देऊन सुटली, तर समोर सामानाच्या फिरत्या पट्ट्यावर तिचीच लाल बॅग. दोनदा समोरून गेली. हिनं नुसती बघितली! बाहेरच्या दारात अधिकाऱ्यानं अडवून बॅग आणायला परत पाठवलं, तोवर पुढचं विमान गेलं.

आत्ता तिचा फोन आला.

"अगं, बॅग डोळ्यांसमोर दिसते तर उचलायची ना!"

"तुम्हीच नाय म्हणला होता."

मी विषय बदलला.

"मग आता?"

"आता काय, दुसऱ्या विमानात जागा घेतली मी."

"कुणाशी बोललीस? कोणत्या भाषेत?"

"काउंटरवरच्या बाईशी, मराठीत. पोरगी बाळंत होतीय म्हणलं, पोटाकडं हात केला. लगेच समजलं तिला."